अंग उठलं, तसं मनही उठलं पाहिजे



आज बोलायला बसले आहे ती एका जुन्या इतिहासाबद्दल. पण त्याआधी आमच्या घरातली एक गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळेच मी हा इतिहास शोधायला लागले.

माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्याच म्हणायचो. ऐन सुगीत पहाटे गोठ्यात जायला उठल्या आणि उंबऱ्यातच कोसळल्या. डावं अंग लुळं पडलं. गावात म्हणतात लकवा मारला. दवाखान्याच्या कागदावर पक्षाघात असं लिहिलं होतं. जीव वाचला. घरी आणलं तेव्हा व्यायामाचा एक कागद हातात दिला. चांगल्या हातानं लुळा हात उचलायचा, चेंडू दाबायचा, कॉटच्या कडेला बसून पाय हलवायचा, दिवसातून तीन वेळा.

आत्या एकदाही करायच्या नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या. आम्ही आधी समजावलं, मग ओरडलो. माझे दीर म्हणाले, "आई, तुलाच बरं व्हायचं नाही." शेजारणी म्हणाल्या, म्हातारपणाचा हट्ट आहे. मीही मनात म्हटलं, आळस आहे. चार महिने असे गेले. लकव्यानंतरचे पहिले महिने फार मोलाचे असतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आळस नव्हता तो. काय होतं ते शेवटी सांगते. आधी इतिहास.

आपल्या अंगाला हात लावून बरं करणारी माणसं वेगळी आणि मनाचं ऐकणारी वेगळी, अशी वाटणी जगात फार काळ होती. अंग रगडणं, मालिश करणं हे तर आपल्याकडंही बायांचंच काम. बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या बाया गावोगाव होत्या. इंग्लंडमध्येही मालिशीचं काम बायकाच करायच्या. पण तिथं मालिशीच्या नावाखाली गैरधंदे चालायला लागले आणि इमानानं काम करणाऱ्या बदनाम व्हायला लागल्या. तेव्हा १८९४ मध्ये चार नर्सबाई एकत्र आल्या. त्यांनी संघटना काढली, शिकवणं आणि परीक्षा सुरू केल्या, वागणुकीचे नियम घातले. तीच संघटना पुढं ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांची मोठी संस्था झाली. म्हणजे हा पेशा उभा राहिला तो बायकांच्या एका गटातून. आपल्या बचत गटांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मनाचं म्हणाल तर १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा डॉक्टरांपुढं एक कोडं उभं राहिलं. सैनिक परत यायचे, अंगावर जखम नाही, पण हात थरथरतोय, वाचा गेलीय, पाय उचलत नाही. बरेच वरिष्ठ म्हणायचे, ढोंग आहे, भित्रेपणा आहे. बघा, आम्ही आत्यांना म्हणालो त्याच्या जवळचंच. स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळ क्रेगलॉकहार्ट नावाचं रुग्णालय होतं. तिथं रिव्हर्स नावाचे डॉक्टर सैनिकांना बोलतं करायचे, जे पाहिलं ते सांगू द्यायचे. त्याच रुग्णालयात ब्रॉक नावाचे दुसरे डॉक्टर होते. ते सैनिकांना कामाला लावायचे, चालायला लावायचे, बागेत राबवायचे. एक ऐकणारा, एक हालचाल करवणारा. एका छपराखाली दोन्ही होतं, पण त्याची एक ठरलेली पद्धत व्हायला अजून एक महायुद्ध जावं लागलं.

आता लुडविग गुटमन यांची गोष्ट ऐका. ते जर्मनीतले ज्यू. लहानपणी नव्हे, पण अठराव्या वर्षी ते एका अपघात रुग्णालयात मदतीला होते. तिथं पाठीचा कणा मोडलेला खाणकामगार आणला. चांगला धडधाकट माणूस. गुटमन त्याची माहिती लिहायला लागले तर त्यांना सांगितलं गेलं, लिहू नकोस, हा काही आठवड्यांत जाणार. आणि तो गेलाच. त्या काळी कणा मोडला की माणूस निजून राहायचा, पाठीला जखमा व्हायच्या, त्या सडायच्या, लघवीत जंतू व्हायचे, आणि त्यानंच मरण यायचं. मोडलेल्या हाडापेक्षा निजून राहणंच घात करायचं.

पुढं हिटलरच्या छळामुळं गुटमन १९३९ मध्ये इंग्लंडला आले. १९४४ च्या फेब्रुवारीत त्यांना स्टोक मँडेव्हिल या ठिकाणी कणा मोडलेल्या सैनिकांचा विभाग काढायला दिला. त्यांनी पहिली गोष्ट काय केली? दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची. ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्या घरातल्या बाईला हे काम काय असतं ते ठाऊक आहे. पाठीच्या जखमा थांबल्या, माणसं जगायला लागली.

पण जगायला लागल्यावर दुसराच प्रश्न आला. वीस-बावीस वर्षांचे पोरगे. कमरेखाली अंग नाही. ते विचारायचे, जगून करू काय? व्यायाम सांगावा तर करायचे नाहीत. तेव्हा गुटमननी व्यायामाचा खेळ केला. चाकाच्या खुर्चीत बसून चेंडूचे खेळ, मग धनुष्यबाण. धनुष्य ओढायला खांदे, दंड, पाठ लागते. फिजिओथेरपिस्टला तेच बळकट करायचं होतं. आणि बाण नेम साधून बसला की पोराच्या तोंडावर हसू यायचं. मनाला तेच हवं होतं. रुग्णालयात कामाच्या शाळाही होत्या, लाकूडकाम, घड्याळदुरुस्ती असलं शिकवायचे. २९ जुलै १९४८ या दिवशी लंडनमध्ये ऑलिंपिक सुरू झालं आणि त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ जणांनी खुर्चीत बसून तिरंदाजीचा सामना केला. त्यात दोन बायका होत्या. त्याच सामन्यातून पुढं पॅरालिंपिक स्पर्धा उभी राहिली.

त्या स्पर्धेची वाट आपल्या सांगली जिल्ह्यापर्यंत येते. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले. पाण्यात अंगाचा भार कमी होतो, हात मोकळे चालतात. तेच पोहणं त्यांना १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला घेऊन गेलं आणि तिथं ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तिकडं अमेरिकेत हॉवर्ड रस्क नावाचे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाच्या रुग्णालयात होते. त्यांनी पाहिलं की आजारातून उठणारे सैनिक दिवसभर छताकडं बघत पडतात आणि मग कामावर गेले की पुन्हा आजारी पडतात. त्यांनी बरं होण्याच्या काळातच व्यायाम आणि शिकवणी दोन्ही सुरू केलं. युद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये त्यांनी संस्था उभी केली. त्यांचं म्हणणं साधं होतं. मोडलेला पाय आपल्याकडं येत नाही, अख्खं माणूस येतं. त्यामुळं डॉक्टर, व्यायाम शिकवणारे, हाताला काम शिकवणारे, मनाचं ऐकणारे मानसतज्ज्ञ आणि घरची परिस्थिती बघणारे समाजसेवक, हे सगळे एकत्र बसून एकाच रुग्णाबद्दल बोलायचे. आपल्या गटाची बैठक असते ना, तशीच.

आता या न्यूयॉर्कच्या संस्थेचा धागा आपल्या देशात कसा आला ते सांगते. तो एका बाईनं आणला.

डॉ. मेरी वर्गीस. केरळच्या. तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकून बायकांच्या आजारांच्या डॉक्टर होत होत्या. जानेवारी १९५४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर सहलीला निघाल्या आणि वाटेत गाडी उलटली. कणा दुखावला, पाय गेले ते कायमचे. वय तिशीच्या आत. बाळंतपणं करणारी डॉक्टर उभीच राहू शकत नाही, तर पुढं काय?

वेल्लोरलाच पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक होते. ते कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करायचे. ते मेरीबाईंना म्हणाले, हाताची शस्त्रक्रिया बसूनच करतात, तुम्ही ती शिका. आणि त्या शिकल्या. चाकाच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांचे हात सरळ करायला लागल्या. पुढं ऑस्ट्रेलियात जाऊन खुर्चीतून स्वतःचं सगळं स्वतः करायला शिकल्या, मग न्यूयॉर्कला रस्क यांच्या संस्थेत शिक्षण घेतलं. परत येऊन वेल्लोरचा पुनर्वसन विभाग हातात घेतला आणि १९६६ मध्ये रुग्णांना राहून उपचार घेता येतील अशी पुनर्वसन संस्था तिथं सुरू झाली. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या रुग्णाला वाटतंय आता सगळं संपलं, त्याच्यासमोर खुर्चीत बसलेली डॉक्टर येते. मेरीबाईंना फार समजवावं लागत नसेल.

ब्रँड यांच्या कामातली एक गोष्ट मात्र मला सगळ्यांत जास्त लागली. कुष्ठरोगात हाताची नस बधिर होते, काही स्नायू मरतात आणि बोटं पंजासारखी आत वळतात. ब्रँड काय करायचे, तर हातातल्या चांगल्या स्नायूची दोरी सोडवून बोटांकडं नव्या जागी जोडायचे. पण दोरी जोडली म्हणून बोट चालत नाही. इतकी वर्षं जो स्नायू एक काम करायचा, त्याला आता दुसरं काम करायचंय, हे डोक्याला शिकवावं लागतं. ते काम फिजिओथेरपिस्टचं. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर कितीतरी दिवस बसून, बोट बोट करून शिकवायचं.

तर असे हात सरळ झाले, रुग्ण घरी गेले. आणि काही परत आले. म्हणाले, डॉक्टर, तुम्ही आमचं नुकसान केलं. आधी वाकडा हात बघून लोक भीक तरी घालायचे. आता हात चांगला दिसतो म्हणून भीक मिळत नाही आणि रोगाचे डाग बघून काम कुणी देत नाही.

बघा मैत्रिणींनो. शस्त्रक्रिया झाली, व्यायाम झाला, हात बरा झाला, आणि माणूस तिथंच राहिला. म्हणून १९५१ च्या सुमारास वेल्लोरच्या आवारातच झोपड्या बांधून न्यू लाइफ सेंटर काढलं. तिथं शस्त्रक्रिया झालेले रुग्ण राहायचे, सुतारकाम शिकायचे, लाकडी खेळणी करायचे. खेळणं करताना बोटाला व्यायाम होतो आणि आपण केलेलं विकलं जातं हे बघून मान वर होते. त्याच काळात आपल्याकडं वरोऱ्याजवळ बाबा आमटे आणि साधनाताई आनंदवन उभं करत होते. तिथंही हेच, की कुष्ठरुग्णाला दया नको, काम द्या.

आपल्या राज्यात फिजिओथेरपीचं शिक्षण १९५२ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, ते देशातलं पहिलं. तेव्हा पोलिओनं लहान लेकरांचे पाय जात होते. १९५५ मध्ये मुंबईतच हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. पुण्याजवळ खडकीला अपंग सैनिकांचं केंद्र १९७४ पासून आहे.

आता एक शेवटची गोष्ट, आणि ती तुमच्या-माझ्या रोजच्या दुखण्याची आहे. पाठदुखी, कंबरदुखी.

अमेरिकेत सिएटल शहरात विल्बर्ट फोर्डाइस नावाचे मानसतज्ज्ञ होते. ते पुनर्वसन विभागात, फिजिओथेरपिस्टांच्या बरोबर काम करायचे. १९६० नंतर त्यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांकडं नीट पाहायला सुरुवात केली. रुग्णाला सांगितलेलं असायचं, दुखेपर्यंत व्यायाम करा, दुखलं की थांबा. मग काय व्हायचं? दुखलं की थांबायचं, पडायचं, गोळी घ्यायची, घरचे जवळ यायचे. दुसऱ्या दिवशी अजून लवकर दुखायचं. अंग न हलवल्यानं स्नायू ढिले पडायचे आणि ढिल्या स्नायूनं दुखणं वाढायचं. दुखण्याची भीतीच माणसाला अंथरुणाला बांधून टाकायची.

फोर्डाइस म्हणाले, दुखण्याला विचारून थांबू नका, आकड्याला विचारून थांबा. समजा एखादी बाई एक व्यायाम दहा वेळा करू शकते. तर सुरुवात आठपासून करायची. आठ झाले की थांबायचं, बरं वाटत असलं तरी. दोन-तीन दिवसांनी नऊ, मग दहा, मग अकरा. कागदावर लिहीत जायचं. गोळीसुद्धा दुखलं म्हणून नाही, ठरलेल्या वेळेलाच. आणि घरच्यांनी कण्हण्यापेक्षा केलेल्या व्यायामाकडं लक्ष द्यायचं, कौतुक त्याचं करायचं. व्यायाम कोणता आणि किती हे फिजिओथेरपिस्टनं ठरवायचं. भीती कशी कमी होईल, सवय कशी लागेल हे मानसतज्ज्ञानं सांगायचं. एकट्याला दोघांचंही जमलं नसतं. १९७६ मध्ये त्यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिलं आणि जगभरच्या दुखण्याच्या दवाखान्यांत ती पद्धत पोचली. अर्थात दुखणं नवीन असेल, अचानक वाढलं असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर आधी डॉक्टर, मग बाकीचं.

आता आत्यांकडं येते.

चार महिन्यांनी आम्ही त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं नवीन फिजिओथेरपिस्ट मुलगी होती. तिनं आत्यांचा हात हातात घेतला आणि व्यायामाचं काही बोललीच नाही. विचारलं, "आजी, घरात तुम्हाला कुठलं काम आवडायचं?"

आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मी उठून करू काय? चूल हिची झाली. गोठा पोराचा झाला. मला आता कोण विचारतंय?"

मी तिथंच उभी होते. मैत्रिणींनो, आम्ही त्यांना आराम मिळावा म्हणून सगळं काम हातातून काढून घेतलं होतं. त्यांना वाटलं, त्यांचं घरच गेलं.

त्या मुलीनं दोन गोष्टी केल्या. जिल्ह्याच्या रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागात चिठ्ठी दिली. तिथल्या बाई आत्यांशी बोलल्या, आणि आमच्याशीही बोलल्या. त्यांनी सांगितलं की लकव्यानंतर साधारण तीन रुग्णांपैकी एकाला उदासीचा आजार होतो. तो हट्ट नसतो, त्याला उपचार असतो. आणि दुसरी गोष्ट, व्यायामाचा कागद बदलला. चेंडूऐवजी शेंगा फोडायच्या. लसूण सोलायचा. ताटात तांदूळ पसरून डाव्या हातानं निवडायचे. नातवाचे केस विंचरायचे. किती झालं ते नात वहीत लिहायची.

आत्यांचा हात पूर्ण आला नाही. पण काठी घेऊन त्या चुलीपाशी येऊन बसायच्या, भाकरी मी थापायची, उलथायच्या त्या. आणि माझी भाकरी करपली की बोलायच्याही. ते बोलणं ऐकून मला किती बरं वाटायचं, ते काय सांगू. फक्त ते चार महिने आठवले की आजही वाईट वाटतं. तेवढे दिवस आम्ही त्यांच्यावर ओरडण्यात घालवले.

म्हणून आज हा इतिहास सांगितला. तुमच्या गटातल्या प्रत्येक घरी आज ना उद्या कुणीतरी अंथरुणाला टेकणार. सासू, नवरा, अपघातात सापडलेलं पोरगं, किंवा आपण स्वतः. तेव्हा एवढं करा.

दवाखान्यातून सुटी मिळताना व्यायाम कुणी शिकवणार आणि मनाचं कुणाशी बोलायचं, हे दोन्ही प्रश्न विचारा. एकच विचारून उठू नका. व्यायाम दुखण्यावर सोडू नका, शिकवणाऱ्यानं ठरवून दिलेला आकडा वहीत लिहा. पडलेल्या माणसाच्या हातून सगळं काम काढून घेऊ नका. जमेल तेवढं, पण त्याचंच काम त्याला परत द्या. माणूस दोन आठवडे जेवत नाही, झोपत नाही, जगून काय करू असं म्हणतं, तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका. टेलिमानस म्हणून सरकारची फोनसेवा आहे, नंबर १४४१६, रात्रीबेरात्री लागते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि जी बाई सेवा करतेय, दर दोन तासांनी कूस बदलतेय, तिलाही कुणीतरी विचारा, तुझं कसं चाललंय बाई? गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की दहा मिनिटं याला द्या. तिच्या घरी दोन तास आळीपाळीनं बसा, तिला झोपू द्या.

आज इथंच थांबते. तुमच्या घरची अशी गोष्ट असेल तर आपल्या केंद्रावर येऊन सांगा. नमस्कार.